लाल ओळ

सोमवारच्या मीटिंगमध्ये डॉक्टर प्रधानांनी दर्शना मयेकर हे नाव वाचलं तेव्हा हितेंद्र जाधव मागच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की दर्शनाताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं. त्या जागी तो असता तर त्याने बघितलं असतं, निदान रागाने तरी. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे. "दोन दुरुस्त्या," डॉक्टर म्हणाले. पडद्यावर आठवड्याभराच्या नोंदी होत्या, सगळ्या काळ्या अक्षरांत, आणि मध्येच दोन लाल ओळी. "बाकी कुणाची एकही नाही. वैभव आत्ता आत्ता लागलाय, त्याची नाही. आणि तुमच्या दोन? ताई, किती वर्षं झाली तुम्हाला या रक्तपेढीत?" "पुष्कळ झाली, सर," दर्शनाताई म्हणाल्या. कुणीतरी हसलं. ते हसणं दुष्ट नव्हतं; आपलं नाव आलं नाही म्हणून सुटलेल्या माणसाचं ते हसणं होतं. डॉक्टरांनी पुढचा विषय काढला. भिंतीचा गारवा हितेंद्रच्या शर्टातून पाठीत शिरत होता. आता बोल, तो स्वतःला म्हणत होता, आता बोल. पुढचा विषय संपला, त्याच्या पुढचाही संपला, खुर्च्या सरकल्या, आणि तो तसाच उभा राहिला.

त्याचं कामच असं होतं की त्याला कुठल्याही ऑफिसात जागा नसे. कंपनीने एखाद्या ठिकाणी आपली प्रणाली बसवली की लोकांना ती शिकवायला हितेंद्रला पाठवत, चार-सहा महिने, आणि लोकांच्या हाताला तिचं वळण पडलं की तिथून काढून दुसरीकडे. एकदा शाळा, एकदा गोदी, एकदा फोर्टातली वकिलांची जुनी फर्म. प्रत्येक ठिकाणी त्याला कुणा तरी रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची मिळे, आणि तो माणूस परत आला की उठावं लागे. गिरगावातल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्याला खुर्ची मिळाली ती प्लेटलेटच्या पिशव्या डुलवत ठेवणाऱ्या यंत्राशेजारी. ते यंत्र कधीच थांबायचं नाही. पिवळट पिशव्या पाळण्यात घातल्यासारख्या डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. पहिल्या आठवड्यात त्याला त्या हालचालीने मळमळायचं. नंतर घरी गेल्यावर ती नसली की चुकल्यासारखं वाटू लागलं. जेवायला सगळे आतल्या खोलीत बसत. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं, "जाधव म्हणजे कुठले तुम्ही?" आणि तो म्हणाला होता, "भोईवाड्याचे." "नाही, गाव?" "महाडकडचं." विचारणाऱ्याने मान हलवली होती, पण ती मान कशाला हलली ते त्याला कळलं नव्हतं. आयुष्यभर त्या मानेचा अर्थ लावण्यात किती वेळ गेला, हे एकदा बसून बघायला हवं, असं त्याला वाटे. आपण कॉम्प्युटरवाला म्हणून बाहेर, की आणखी कशामुळे? विचारून कळण्यासारखं ते नव्हतं, आणि न विचारता राहवण्यासारखंही नव्हतं. तो खाली जाऊन वडापाव खायचा, वाडीच्या तोंडाशी उभा राहून, मेट्रोच्या स्टेशनातून वर येणाऱ्या माणसांकडे बघत.

दर्शनाताई मात्र बोलायच्या. प्रभादेवीला राहायच्या, नवरा गिरणीतून सुटल्यावर टॅक्सी चालवत होता, आता घरीच असतो. एक दिवस त्यांनी स्वतःच्या डब्याचं झाकण त्याच्या टेबलावर ठेवलं, त्यात तळलेल्या बांगड्याचा तुकडा. "खाता ना? नाय म्हणू नका, उरतो मग." त्याने खाल्ला. त्यांनीच त्याला सांगितलं, जे इथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि डॉक्टरांना नव्हतं. पिशवी खिडकीतून बाहेर गेली की तेव्हाच मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, नोंदवायची, असा नियम. पण तेव्हाच नोंदवायचं तर घाई, घाईत चूक, आणि चूक सुधारली की मशीन ती पुसत नाही. लाल करून, नाव लावून ठेवते. सोमवारी डॉक्टर ती पडद्यावर लावतात. म्हणून सगळे दिवसभर कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहीत, आणि संध्याकाळी, सगळं एकमेकांना विचारून, पडताळून, एका बैठकीत मशीनवर चढवत. एकही लाल ओळ नाही. "म्हणजे दिवसभर पडद्यावर जे दिसतं ते…" हितेंद्र म्हणाला होता. "ते कालचं," दर्शनाताई म्हणाल्या होत्या. "सकाळी गेलेली पिशवी संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्येच असते, मशीनच्या हिशेबी." आणि हसल्या होत्या. त्यालाही हसू आलं होतं. त्याने कंपनीतल्या वरच्या साहेबांना, सौमित्रला, फोनवर सांगितलं तेव्हा सौमित्र म्हणाला होता, "अरे, वापरतायत ना? डेटा येतोय ना? मग झालं. तू त्यांचं लग्न लावायला गेलायस का?"

मग एक दिवस एक माणूस आला. ट्रस्टच्या परळच्या शाखेतून पाठवलेला, बायको बाळंतपणात, हातात बर्फाचा डबा घेतलेला. त्या शाखेच्या पडद्यावर इथली ओ निगेटिव्हची एक पिशवी दिसत होती, म्हणून त्याला टॅक्सीत घालून धाडलं होतं. पिशवी सकाळीच गेली होती. दर्शनाताईंनी त्याला खिडकीतून सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त डबा उघडून आत बघितलं, जणू पिशवी आपल्या नकळत आत येऊन पडली असेल, आणि झाकण परत लावलं. नंतर दुसऱ्या रक्तपेढीतून मिळालं, बाई वाचली, मूलही वाचलं. वैभवने फोन करून विचारलं, आणि दर्शनाताईंना म्हणाला, "मिळालं ना ताई, झालं मग, कशाला मनाला लावून घेता?" पण दर्शनाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी सगळे चिठोरे काढून बसले तेव्हा त्या हितेंद्रच्या टेबलापाशी आल्या. "जाधव, मी उद्यापासून तेव्हाचं तेव्हाच टाकीन म्हणते. हात जलद चालत नाही माझा. चुकेल." आणि हितेंद्रने ते वाक्य म्हटलं. प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक पहिल्या दिवशी तो ते म्हणायचा. इतक्या वेळा म्हटलं होतं की ते त्याचं उरलं नव्हतं. "चुकलं तर चुकू दे, ताई. दुरुस्त करता येतं. कुणी काही म्हणणार नाही." "नक्की?" "मी आहे ना."

त्या चुकल्या. दोनदा. एकदा बाजूबाजूला ठेवलेल्या दोन पिशव्यांतली एक स्कॅन केली आणि दुसरी उचलली. खिडकीपाशी नंबर वाचताना त्यांच्याच लक्षात आलं, परत फिरल्या, नोंद बदलली. दुसऱ्या वेळी रुग्णाच्या नावातलं एक अक्षर. दोन्ही वेळा पिशवी खिडकीबाहेर गेली नव्हती. दोन्ही वेळा त्यांनी वळून हितेंद्रकडे बघितलं होतं, शाळकरी मुलीसारखी जीभ चावून, आणि त्याने मान हलवून असू दे म्हटलं होतं. पडद्यावर ती ओळ लाल झालेली त्याने बघितली होती. ती त्याला सुंदर वाटली होती, खरंच. त्या सगळ्या नोंदींत तेवढीच खरी होती.

सोमवारचा उरलेला दिवस त्याने यंत्राशेजारी बसून काढला. दर्शनाताई खिडकीवर होत्या, पाठमोऱ्या. त्यांची वेणी, पाठीवरची पांढऱ्या कोटाची घडी, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त त्या वळत नव्हत्या. का बोललो नाही, असं तो स्वतःला विचारत होता, आणि उत्तर म्हणून त्याला सारखी म्युनिसिपल शाळेतली एक सकाळ आठवत होती. बाई मागासवर्गीय स्कॉलरशिपची नावं वाचत. नाव आलं की उभं राहायचं. वर्गातली बाकीची मुलं मान वळवून बघत, वाईट हेतूने नाही, नुसतीच बघत. आणि बघताना त्यांना काहीतरी कळे, जे मधल्या सुट्टीत खेळताना त्यांच्या लक्षात नसे. जाधव, हितेंद्र. तो उभा राही. कान गरम होत. घरी बाबांना सांगितलं तेव्हा बाबा, जे गिरणीत सूत काढणाऱ्या रिंग खात्यात होते आणि ज्यांच्या केसांत घरी आल्यावरही कापूस असे, म्हणाले होते, "काम पुढे येऊ दे, नाव नको." एवढंच. बाबा हे वाक्य कुठे शिकले होते, कुणी त्यांचं नाव कुठे वाचलं होतं, ते त्याने कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून कुठेही नावं वाचायला सुरुवात झाली की त्याचं अंग आपोआप भिंतीकडे सरके. आज ते त्याचं नाव नव्हतं. तरी सरकलं. आणि दुसऱ्याचं नाव वाचलं जात असताना आपण भिंतीशी उभं राहायचं, हे बाबांच्या वाक्यात बसतं का, हे त्याला ठरवता येईना.

घरी आई टीव्हीसमोर बसली होती, आवाज बंद. हल्ली तिला ऐकू कमी येई, म्हणून ती आवाज बंदच करून टाकी. अर्धवट ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, म्हणे. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून तिचं बोलणंही कमी झालं होतं. "काय झालं रे?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं. त्याने मोठ्याने, शब्द तोडून तोडून सांगायला सुरुवात केली: ऑफिसात एक बाई, तिची चूक नव्हती, मी गप्प राहिलो. मोठ्या आवाजात सांगताना ती गोष्ट फार लहान वाटू लागली. आईने सगळं ऐकल्यासारखी मान हलवली आणि म्हणाली, "मग तू बोलला नाहीस?" "नाही." "का?" तो बुटांच्या नाड्या सोडत राहिला. आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं समजून ती टीव्हीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला. डॉक्टर प्रधान चहा पीत होते. त्यांनी त्याच्यासाठीही मागवला. ते वाईट माणूस नव्हते, हे त्याला जाताना ठाऊक होतं, आणि त्यामुळेच ते जास्त कठीण होतं. "सर, दर्शनाताईंच्या त्या दोन दुरुस्त्या. त्या चुका नाहीत. चूक पकडली म्हणून त्या दिसतायत. पिशवी बाहेर गेलीच नव्हती."

"या वेळी गेली नव्हती," डॉक्टर म्हणाले. कप बाजूला ठेवला. "जाधव, मी शिकत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाला चुकीच्या गटाचं रक्त चढलं. तरुण होता. त्याची कंबर दुखायला लागली, थंडी भरली. आम्ही बघत होतो. ज्याने पिशवी दिली तो फार चांगला माणूस होता, सगळ्यांशी हसून बोलायचा. मला इथे चांगली माणसं नकोत, मला घाबरलेली माणसं हवीत. घाबरलेला माणूस दोनदा वाचतो."

"घाबरलेला माणूस लिहीतच नाही, सर."

"म्हणजे?"

आता ते सांगावं लागणार होतं. "बाकीच्यांच्या लाल ओळी नाहीत, कारण ते तेव्हा नोंदवतच नाहीत. कागदावर लिहितात, संध्याकाळी चढवतात. चुका कमी झालेल्या नाहीत, तुम्हाला दिसायच्या बंद झाल्यात. परळहून तो माणूस डबा घेऊन आला होता तो त्यामुळेच."

डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यांनी पेन उचललं. "कोण कोण?"

हितेंद्रला खोलीतल्या एसीचा आवाज एकदम ऐकू यायला लागला. कोणती नोंद केव्हा चढली ते त्याच्या लॅपटॉपवर होतं, बाहेर टेबलावर उघडंच. ते दाखवलं तर दर्शनाताई सुटल्या असत्या. वैभव अडकला असता, शेजारच्या टेबलावरची रुपाली अडकली असती, सगळेच. पुढच्या सोमवारी पडद्यावर सगळ्यांचीच नावं. "नावं नाही देणार मी, सर."

"का?"

"नावं दिली तर मशीनलाच घाबरतील. मग संध्याकाळीसुद्धा खरं चढवणार नाहीत. तुम्ही सोमवारी नावं वाचणं बंद करा, एक महिना. बघा काय होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मशीन शिकवायला आलायत, जाधव," ते म्हणाले, आवाज चढवला नाही. "रक्तपेढी कशी चालवायची ते मला शिकवू नका. चहा घ्या. गार होतोय."

केबिनला काचेचं दार होतं. तो बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी बघितलं होतं की तो आत बसला होता, की डॉक्टरांनी पेन उचललं होतं. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन, कुणाचंही नाव न घेता, सांगितलं की यापुढे चिठोरे दिसले तर खैर नाही. त्यानंतर हितेंद्रशी कुणी बोलेना. पूर्वीही बोलत नव्हते; पण पूर्वीच्या न बोलण्यात एक सैलपणा होता, आता ते ताठ झालं. तो जवळून गेला की रुपाली हातातला कागद पालथा घालून ठेवी. वैभव, जो अधूनमधून क्रिकेटचं काहीतरी विचारायचा, एकदा जिन्यात समोरासमोर आला. "सर, दिलीत ना नावं?"

"नाही दिली, वैभव."

"बरं," वैभव म्हणाला, आणि त्या 'बरं'मध्ये विश्वासाचा कण नव्हता. "नाय म्हणजे, तुमचं काय सर, तुम्ही जाल. आमाला इथंच राहायचंय." हे अगदी खरं होतं. गुरुवारी सौमित्रचा फोन आला. "काय बोललास तू त्या डॉक्टरला? साइट क्लोज करतोय आपण, ट्रेनिंग कम्प्लीट म्हणून. सोमवारी सही घे आणि ये. प्रभादेवीला नवीन क्लायंट आहे. आणि जाधव, प्लीज, तिथे नुसतं बटनं शिकव."

म्हणून शेवटच्या सोमवारीही तो भिंतीशीच उभा होता. डॉक्टरांनी पडदा लावला. काळी अक्षरं, वरपासून खालपर्यंत. ते खाली खाली जात राहिले, आणि ओळी येत राहिल्या, स्वच्छ, सरळ, एकासारखी एक. चिठोरे आता टेबलावर नसत. कोटाच्या खिशात असत. दर्शनाताईंच्या नोंदीही तशाच होत्या, संध्याकाळच्या. "शाब्बास," डॉक्टर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता, जणू त्या थंडी भरलेल्या तरुण माणसावर कुणीतरी पांघरूण घातलं होतं. "ताई, बघा, जमलं की नाही?" "जमलं, सर," दर्शनाताई म्हणाल्या. डॉक्टरांनी हितेंद्रच्या कागदावर सही केली, सर्व कर्मचारी प्रणाली समाधानकारकरीत्या वापरत आहेत, आणि हात मिळवला.

जिन्याच्या वळणावर दर्शनाताई उभ्या होत्या. मुद्दाम थांबल्या होत्या की बाटलीत पाणी भरायला आल्या होत्या ते कळलं नाही. "चाललात?"

"हो."

"मी परत कागदावर गेले. रागावलात?"

"मी कशाला रागावू?"

"मी रागावले होते." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, परत सैल केलं. "तुम्ही बोलला असता तर काय झालं असतं असं नाही. काहीच झालं नसतं. डॉक्टर आहेत तसेच आहेत. पण मग मी एकटी नसते पडले तिथे. तुम्ही म्हणाला होतात ना, मी आहे."

"ताई, मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन…"

"ठाऊक आहे. नावं दिली नाहीत तेसुद्धा ठाऊक आहे. दिली असतीत तर एव्हाना आम्हाला कळलं असतं." त्या थांबल्या. "पण केबिनमधलं बोलणं केबिनमध्ये राहतं, ओ. बाहेर कुणाला ऐकू गेलं?" एवढं म्हणून त्या वर गेल्या, राग नव्हता, घाई होती, खिडकीवर माणसं थांबली होती.

तो खालपर्यंत गेला. वाडीच्या तोंडाशी ऊन होतं, सांडग्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, शेजारच्या छापखान्यातून कागदाचा वास येत होता. बॅग खांद्यावर होती, सही खिशात होती, प्रभादेवीच्या बसचा थांबा समोर होता. तो वळला आणि परत जिना चढला. चढताना त्याचे कान गरम झाले, आणि ते गरम होतायत हे जाणवून त्याला एक विचित्र धीर आला. रक्तपेढीचं जाड दार त्याने ढकललं आणि तो उंबऱ्यातच उभा राहिला. सगळे कामात होते. वैभव पिशव्या लावत होता, रुपाली फोनवर होती, दर्शनाताई खिडकीत कुणाशी तरी बोलत होत्या. "एक सांगायचं होतं," हितेंद्र म्हणाला. आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. वैभवने मान वर केली. "दर्शनाताईंना तेव्हाच नोंदवा असं मी सांगितलं होतं. कुणी काही म्हणणार नाही, हेही मीच सांगितलं होतं. त्यांच्या त्या दोन ओळी बरोबर होत्या. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी हे बोलायला हवं होतं. बोललो नाही."

रुपालीने फोनवर हात ठेवला. पिशव्या डावीकडे-उजवीकडे डुलत होत्या. खिडकीशी दर्शनाताईंचं बोलणं क्षणभर थांबलं. त्यांचं डोकं थोडं, अगदी थोडं वळलं, आणि मग बाहेरच्या माणसाने काहीतरी विचारलं म्हणून परत पुढे झालं. वैभव फ्रीजचं दार धरून उभा होता. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं.

"सर," तो शेवटी म्हणाला, हळूच, "दार लावून घ्या. एसी बाहेर चाललाय."

हितेंद्रने बाहेर होऊन दार लावून घेतलं. त्याच्या कडेचं रबर चौकटीला चिकटलं आणि आतला आवाज तुटला. दारातल्या काचेतून त्याला दर्शनाताई बाजूने दिसत होत्या. खिडकीतल्या माणसाला त्या काहीतरी समजावून सांगत होत्या, बोटाने दाखवत, शांतपणे, एकेक शब्द. तो थोडा वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. मग एक बाई हातात कागद घेऊन आली, "भाऊ, रक्त इथेच मिळतं ना?" म्हणाली, आणि तिला वाट देण्यासाठी तो बाजूला झाला.